मनगटाकडे उतरणारी बाही

सदऱ्याखाली घालायच्या सुती बनियनला मराठीत गंजीफ्रॉक म्हणतात, तो शब्द ‘गर्न्झी फ्रॉक’ या इंग्रजी जोडशब्दावरून आला. गर्न्झी हे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या खाडीतलं एक लहानसं बेट. तिथे विणल्या जाणाऱ्या घट्ट लोकरी अंगरख्याला बेटाचंच नाव पडलं. शेजारच्या जर्सी बेटाचं नावही आपण असंच अंगावर वागवतो. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर आणि स्कॉटलंडमध्ये गर्न्झीचं ‘गान्झी’ झालं, बंगालमध्ये ‘गेंजी’ आणि आपल्याकडे ‘गंजी’. नाव आपल्यापर्यंत पोचलं, वस्तू मात्र वाटेत बदलली. मूळची गान्झी म्हणजे उत्तर समुद्रावरच्या कोळ्यांचा गडद निळा, अंगाला चिकटून बसणारा, वारा आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारा स्वेटर. या स्वेटरबद्दल एक गोष्ट जगभर सांगितली जाते. प्रत्येक गावाची, किंबहुना प्रत्येक घराण्याची नक्षी वेगळी ठेवलेली असे; बुडालेल्या माणसाचं प्रेत दूरच्या किनाऱ्याला लागलं आणि चेहरा ओळखण्यापलीकडे गेला, तरी विणीवरून त्याचं गाव कळावं, हा त्यामागचा हेतू. गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. माझं म्हणणं असं की ती पुराव्याला उतरत नाही, आणि तिच्या सावलीत एक खरा इतिहास झाकला गेला आहे. तो इतिहास विणणाऱ्या बायकांचा आहे: त्यांच्या कष्टांचा, कमाईचा आणि गावोगावच्या प्रवासाचा.

सुरुवात बेटांपासूनच करू. सोळाव्या शतकात गर्न्झी आणि जर्सी ही बेटं विणलेल्या मोज्यांसाठी युरोपभर प्रसिद्ध होती. बेटांवरची लोकर पुरेशी नव्हती, म्हणून इंग्लंडमधून लोकर आणायची खास परवानगी त्यांना मिळाली होती. आणलेली लोकर विणून माल पुन्हा बाहेर पाठवायचा, असा हा व्यापार होता. स्कॉटलंडची राणी मेरी १५८७ साली वधस्तंभाकडे गेली तेव्हा तिच्या पायांत गर्न्झीचे मोजे होते. विणकामात पैसा इतका होता की शेताकडे माणसं फिरकेनात. अखेर १६०८ साली जर्सीच्या सत्ताधाऱ्यांना कायदा करावा लागला: पिकाच्या कापणीच्या आणि खतासाठी समुद्रशेवाळ गोळा करण्याच्या दिवसांत पंधरा वर्षांवरच्या कुणीही विणायला बसायचं नाही. ज्या कामावर बंदी घालावी लागते ते काम विरंगुळ्याचं नसतं. म्हणजे या कपड्याचा उगम जिथे सापडतो तिथेच तो बाजाराशी बांधलेला दिसतो. कुणा एका गावाने आपल्या मृतांसाठी जपलेली गुप्त खूण असं त्याचं रूप सुरुवातीपासून कुठेच आढळत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात कॉर्नवॉलपासून थेट शेटलंडपर्यंतच्या किनाऱ्यांवर हा अंगरखा कोळ्यांचा नेहमीचा वेश झाला. कॉर्नवॉलमध्ये त्याला ‘निट-फ्रॉक’ म्हणत, आणि पोल्पेरोसारख्या बंदरातल्या बायका घरच्या माणसांसाठी विणत तशाच व्यापाऱ्यांकडून लोकर घेऊन मजुरीवरही विणत.

हा कपडा तयार कसा होतो ते नीट पाहिलं पाहिजे, कारण या वादात सर्वांत भरवशाचा साक्षीदार तोच आहे. लोकर पाचपदरी, घट्ट पिळाची. सुया पोलादी, जेमतेम सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही टोकांना अणकुचीदार. एका वेळी पाच किंवा त्याहून जास्त. एका इंचात आठ-नऊ टाके बसतात, म्हणजे चाळीस इंची छातीला एका फेरीत सव्वातीनशे ते साडेतीनशे टाके. पुढचा भाग वेगळा आणि पाठ वेगळी विणून मग जोडायची ही पद्धत इथे नाही. खालच्या काठापासून बगलेपर्यंत सगळं अंग नळीसारखं गोल गोल वर चढत जातं. शिवण नाही, त्यामुळे उसवायला जागा नाही. बगलेत एक चौकोनी कळी विणलेली असते. जाळं ओढताना हात वर गेला तरी कापड ताणून फाटत नाही. पुढची आणि मागची बाजू सारखीच, म्हणून कोपरावर किंवा पोटावर झीज दिसू लागली की स्वेटर उलटा फिरवून घालता येतो. नक्षी बहुधा छातीवर आणि दंडांवर. सुलट टाक्यांच्या सपाट पार्श्वभूमीवर उलटे टाके उठवून शिडी, निशाण, नांगर, माशाचा काटा, गारा अशा आकृत्या काढतात, आणि मधून दोरखंडासारख्या पिळाच्या वेण्या सोडतात. या उंचसखल विणीत हवा अडकून राहते आणि नेमकी छाती उबदार राहते. खालचा भाग साधा, कारण तो पँटच्या आत जातो. विणणारी बाई कमरेला चामड्याचा पट्टा बांधते. त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली, भोकाभोकांची एक छोटी गादी असते. उजवी सुई त्या भोकात खोचली की तिचं वजन हाताला पेलावं लागत नाही, आणि बाई चालता चालता, उभ्याउभ्या, दारात गप्पा मारतानाही विणू शकते. या वर्णनातला एकेक तपशील थंडीचं, झिजेचं किंवा वेळेचं कोडं सोडवतो.

मग प्रेताच्या ओळखीची गोष्ट आली कुठून? तिचा माग बऱ्याच अंशी एका नाटकापर्यंत जातो. आयरिश नाटककार जे. एम. सिंग १८९८पासून काही वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरन बेटांवर जाऊन राहत असे. त्याचं ‘रायडर्स टू द सी’ हे एकांकी नाटक १९०४ साली डब्लिनमध्ये रंगमंचावर आलं. नाटकात मायकेल नावाचा तरुण बुडालेला आहे, आणि दूर उत्तरेला डोनेगलच्या किनाऱ्यावर सापडलेल्या एका प्रेताचे कपडे त्याच्या बहिणींच्या हाती आले आहेत. कपडे दोन: शर्टाचा तुकडा आणि एक मोजा. शर्टावरून काही ठरत नाही, कारण तसल्या फ्लॅनेलचे तागे गॉलवेच्या दुकानांत पडलेले आहेत, हे त्या मुलींनाच ठाऊक आहे. खूण पटते ती मोज्यावरून. धाकटी बहीण नोरा टाके मोजते. तिने स्वतः साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार सुटले होते. इथे स्वेटर नाही, गावाची नक्षी नाही, घराण्याची खूण नाही. एका मुलीने आपल्याच हातची चूक ओळखली, एवढंच आहे. बेटांवरच्या वास्तव्यावर सिंगने १९०७ साली पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यातही डोनेगलला लागलेल्या अशा एका प्रेताची हकीकत येते. तिथे खुणा म्हणून सांगितल्या आहेत त्या कच्च्या चामड्याची वहाण, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, खिशातला पैशाचा बटवा आणि तंबाखूची डबी. प्रेतं वाहत येत होती आणि माणसं कपड्यांवरून ओळखली जात होती, यात शंका नाही. पण ज्या लेखकावरून ही दंतकथा मोठी झाली, त्याने लिहिलेल्या दोन्ही ठिकाणी विणीच्या नक्षीचा ओळखीशी संबंध नाही.

दंतकथेला शास्त्राचा मुलामा चढवला तो हाइन्झ एडगर कीवे याने. जन्माने जर्मन असलेला हा गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये लोकरीचं आणि भरतकामाच्या सामानाचं दुकान चालवत असे. १९३६ साली डब्लिनमध्ये त्याला पांढऱ्या लोकरीचा, अंगभर वेण्यांनी भरलेला एक अरन स्वेटर दिसला. इ.स. ८००च्या सुमारास तयार झालेल्या ‘बुक ऑफ केल्स’ या सचित्र हस्तलिखितातल्या एका आकृतीच्या अंगावर त्याला अशीच वीण दिसल्याचा भास झाला, आणि अरनचा स्वेटर हजार वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती साधूंपासून चालत आला आहे असं त्याने ठरवून टाकलं. १९६७ साली त्याने विणकामाच्या ‘पवित्र इतिहासा’वर पुस्तकच काढलं. वास्तविक युरोपात सुयांवर विणलेल्या वस्तूंचे जुने ठोस नमुने तेराव्या शतकातले, स्पेनच्या राजघराण्याच्या थडग्यांतले आहेत. लीस्टरचे बिशप आणि विणकामाचे साक्षेपी अभ्यासक रिचर्ड रट यांनी १९८७च्या आपल्या इतिहासग्रंथात कीवेच्या मांडणीतला फोलपणा दाखवून दिला. अरन स्वेटरचं खरं मूळ बरंच अलीकडचं आहे, आणि त्याचा धागा सरकारी धोरणाशी जुळतो. आयर्लंडच्या पश्चिमेकडचे दरिद्री प्रदेश सावरण्यासाठी १८९१ साली ‘कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड’ स्थापन झालं. बोर्डाने अरनच्या मासेमारीला बळ दिलं, तेव्हा बाहेरच्या किनाऱ्यांवरचे अनुभवी कोळी आणि मासळी खारवणाऱ्या बायका बेटांवर आल्या, आणि त्यांच्यासोबत गान्झी आली. अरनच्या बायकांनी तिची कल्पना उचलली, निळ्या बारीक लोकरीऐवजी जाड पांढरी लोकर घेतली आणि छातीपुरती असलेली नक्षी सगळ्या अंगभर पसरवली. डब्लिनमध्ये म्यूरिएल गॅहन यांनी १९३०मध्ये सुरू केलेल्या ‘कंट्री शॉप’ने या मालाला गिऱ्हाईक मिळवून दिलं. १९६१मध्ये क्लॅन्सी ब्रदर्स हे आयरिश गायक एड सलिव्हनच्या अमेरिकी दूरदर्शन कार्यक्रमात तसेच स्वेटर घालून गायले, आणि मागणीला भरतीच आली. अरनच्या बायकांनी दोन पिढ्यांत घडवलेली ही कला हजार वर्षांपूर्वीच्या साधूंच्या नावावर जमा झाली, तेव्हा श्रेय कुणाचं गेलं हे सांगायला नको.

नक्षी गावाला बांधलेली नव्हती याचा सर्वांत बळकट पुरावा अरनमध्येही नाही. तो हेरिंगच्या हंगामात आहे. हेरिंगचे थवे ब्रिटनच्या पूर्व किनाऱ्याने उन्हाळ्यात उत्तरेकडून निघत आणि शरदापर्यंत दक्षिणेला पोचत. त्यांच्या मागे बोटी, आणि बोटींच्या मागे किनाऱ्याकिनाऱ्याने हजारो स्कॉटिश मुली आणि बायका. शेटलंडमधलं लर्विक, मग विक, फ्रेझरबर्ग, पीटरहेड, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पार दक्षिणेला ग्रेट यार्मथ आणि लोस्टॉफ्ट. व्यापारी हंगामाआधी त्यांना इसार देऊन बांधून घेत. सामानाची लाकडी पेटी घेऊन त्या खास आगगाड्यांनी प्रवास करत. तिघींचा एक ताफा असे. दोघी छोट्या सुरीने मासळीचं पोट उघडून आतडी काढत, मिनिटाला तीसपेक्षा जास्त मासे. तिसरी पिंपात मिठाचे आणि मासळीचे थर लावत असे. सुरीच्या जखमांत मीठ जाऊ नये म्हणून बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या. १९०७ साली अशी सुमारे पंचवीस लाख पिंपं खारवून निर्यात झाली, बहुतेक जर्मनी, रशिया आणि पूर्व युरोपात. मजुरी पिंपावर मिळे, आणि ती वाढवून घेण्यासाठी या बायकांनी १९३६ साली यार्मथमध्ये संपही केला. बोटी यायला उशीर झाला की त्यांच्या चिंध्या बांधलेल्या हातांत सुया येत. धक्क्यावर ओळीने उभ्या राहून किंवा हातात हात अडकवून रस्त्याने फिरत विणणाऱ्या या मुलींची छायाचित्रं आज उपलब्ध आहेत. शेटलंडची मुलगी आणि फाइफची मुलगी एका खोलीत राहते, एका धक्क्यावर विणते, तेव्हा शेजारणीच्या सुईवरची नवी वेणी तिच्या नजरेतून सुटेल कशी? एका हंगामात नक्षी शेकडो मैल प्रवास करत होती. पुरुषही स्थिर नव्हते: नॉरफोकमधल्या शेरिंगमचे कोळी ग्रिम्झबीला आणि व्हिटस्टेबलला जाऊन स्थायिक झाले. ज्या किनाऱ्यावर माणसं आणि विणकाम असं सतत फिरत होतं, तिथे नक्षीवरून गाव ओळखायला जाणारा फसलाच असता.

यावर पहिला आक्षेप असा: गावागावांत फरक होता, हे तर संग्राहकांनीच नोंदवून ठेवलं आहे. ग्लॅडिस टॉम्सन यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून जमवलेलं आणि १९५५मध्ये प्रसिद्ध केलेलं पुस्तक उघडलं तर फायली, फ्लॅम्बरो, व्हिटबी अशा गावांच्या नावांखाली नमुने दिसतात. आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तरही त्याच पुस्तकात आहे. आई मुलीला शिकवते, सून सासूचं पाहते, तेव्हा एखाद्या गावात एखादी वीण जास्त दिसणं स्वाभाविक आहे. साताऱ्याकडचा भाकरीचा हात आणि विदर्भातला हात वेगळा असतो, पण म्हणून भाकरीवरून कुणाचं गाव ठरवत नाही. आवड आणि सवय यांतून आलेला फरक वेगळा, आणि ठरवून राखलेली सांकेतिक खूण वेगळी. दोरखंडाची वेणी आणि दाणेदार वीण यांची जोडी किनाऱ्यावर जवळजवळ सगळीकडे सापडते. तिच्यावरून कुणाचाच पत्ता लागत नाही. पुढचा आक्षेप आद्याक्षरांचा. काही गान्झींवर खालच्या काठाच्या वर मालकाच्या नावाची आद्याक्षरं विणलेली असत. ती प्रेताच्या ओळखीसाठी नव्हेत का? तसा उपयोग एखाद्या वेळी झालाही असेल. पण नक्षीच गाव आणि घराणं सांगत असती, तर अक्षरांची गरज कुणाला पडली असती? दाटीवाटीच्या बोटीत दहाजणांचे निळे स्वेटर एका दोरीवर वाळत असतात. आपला कोणता हे कळायला अक्षरं लागतात. आद्याक्षरं असणं हाच नक्षी अपुरी असल्याचा पुरावा आहे.

त्याहून गंभीर आक्षेप माणसांच्या आठवणींचा आहे. कोळ्यांच्या कितीतरी कुटुंबांत ही गोष्ट आजी-आजोबांपासून सांगितली जाते. पुस्तकी अभ्यासकाने ती खोटी ठरवावी हा उद्धटपणा नाही का? या आक्षेपाकडे मान खाली घालूनच पाहिलं पाहिजे, कारण त्यामागची भीती कल्पित नव्हती. १८४८च्या ऑगस्टमधल्या एका वादळात मरी फर्थच्या आसपास १२४ बोटी गेल्या आणि शंभर कोळी बुडाले. १४ ऑक्टोबर १८८१ रोजी स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर १८९ कोळी बुडाले. त्यांतले १२९ एकट्या आयमथ गावचे होते. कित्येक बोटी तर बंदराच्या तोंडाशी, किनाऱ्यावर जमलेल्या बायकामुलांच्या डोळ्यांदेखत खडकांवर फुटल्या. अशा गावात मृत्यू आणि कपडा यांची सांगड मनात बसली तर त्यात नवल नाही. पण त्या आठवणी नीट ऐकल्या तर त्यांत दोन गोष्टी मिसळलेल्या सापडतात. एक: बाईने आपल्या हातचं काम ओळखलं. हे नि:संशय घडलं असणार, कारण आपल्या टाक्यांचा ताण, आपली चूक, आपण दुरुस्त केलेलं भोक विणणाऱ्या हाताला विसरता येत नाही. दुसरी: नक्षी पाहून अनोळखी माणसालाही गाव कळे. हिच्या बाजूने पुरावा नाही. सिंगच्या नाटकातली नोरा पहिल्या गोष्टीची साक्ष देते. ओळख पटवणारी खूण नक्षीत नव्हती. ती त्या एका बाईच्या हातात आणि स्मरणात होती. दंतकथेने ही ओळख त्या बाईच्या हातातून काढून गावाच्या नावावर लावली, आणि खरं दु:ख जिचं होतं तिलाच चित्राबाहेर ठेवलं.

शेवटी कुणी म्हणेल, गोष्ट खोटी असली तरी तिने बिघडलं काय? तिच्यामुळे स्वेटर खपले, अरनच्या बायकांच्या हातात दोन पैसे आले. पैसे आले हे खरं, आणि गरीब बेटावर त्यांचं मोल मोठं होतं. ते कुणी हलकं लेखू नये. पण ज्या गोष्टीत विणणारीला जागा नसते, त्या गोष्टीत तिच्या मजुरीचा प्रश्नही येत नाही. विणकामाच्या इतिहासात हा प्रश्न पदोपदी आहे. शेटलंडमध्ये विणणाऱ्या बायकांना व्यापारी रोख पैशाऐवजी चहा, कापड असा माल देत. घरात पीठ हवं असताना हातात चहा पडे, आणि तो कुणाला तरी देऊन पीठ मिळवावं लागे. या व्यवहाराची सरकारी चौकशी होऊन १८७२मध्ये अहवाल निघाला. त्यात या बायकांच्या साक्षी नोंदलेल्या आहेत. त्या साक्षी म्हणजे विणकामाचा पहिल्या हाताचा इतिहास आहे, पण दुकानातल्या स्वेटरला जोडलेल्या चिठ्ठीवर तो छापला जात नाही. तिथे घराण्याच्या नक्षीची आणि बुडालेल्या दर्यावर्दीची कहाणी असते. मृताची गोष्ट गिऱ्हाईकाला हेलावून टाकते आणि त्याच्याकडून काही मागत नाही. कष्टाची गोष्ट मात्र विचारते, की या साडेतीनशे टाक्यांच्या शेकडो फेऱ्यांना मोबदला किती मिळाला.

गान्झीच्या रचनेतला एक तपशील मी मुद्दाम मागे ठेवला होता. आज आपण स्वेटरची बाही बहुधा मनगटाकडून सुरू करून खांद्याकडे नेतो. गान्झीची बाही उलट दिशेने जाते: खांद्याच्या कडेचे टाके सुईवर उचलायचे आणि विणत विणत खाली मनगटापर्यंत उतरायचं. शेवटचा टाका मनगटाशी बंद होतो. याचं कारण साधं आहे. दोर, गळ आणि खारं पाणी यांच्याशी रोज घासून सर्वांत आधी झिजतो तो बाहीचा काठ. वरून खाली विणलेली बाही खालून सहज उसवता येते. विरलेला भाग काढून टाकायचा, शाबूत टाके पुन्हा सुयांवर घ्यायचे आणि नव्या लोकरीने काठ पुन्हा विणायचा. बाकीचा स्वेटर जागच्या जागी राहतो. जुन्या गान्झींच्या बाह्यांवर अशा दुरुस्तीच्या जागा दिसतात, जुन्या फिकट निळ्याच्या खाली नव्या गडद निळ्याची पट्टी. ज्या बाईने बाहीची ही दिशा ठरवली, तिने पहिला टाका घालतानाच पुढच्या वर्षीच्या झिजेचा विचार केलेला होता. कपडा झिजायला माणूस बोटीवर जायला हवा, परत यायला हवा, आणि चुलीपाशी बसून त्याने बाही तिच्या हातात द्यायला हवी. हे सगळं वर्षानुवर्षं घडत राहील असं धरूनच ती खांद्यापासून खाली विणत आली.